पाठ फिरवून पाहिलेली लीग

त्या रविवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी मंगलताईंचा फोन आला आणि तिथून सगळं सुरू झालं.

"सुजाता, तो पिवळा ड्रेस धुतलास का?"

"नाही हो ताई, राहिलाय धुवायचा. काय झालं?"

"बरं झालं. तोच घालून ये. जिंकलेला ड्रेस धुवायचा नसतो." फोन बंद.

आमच्या पोरी मुलींच्या फुटबॉल लीगमध्ये खेळतात आणि आम्ही आया दर रविवारी मैदानाच्या पायरीवर बसतो. पोरींच्या बुटांना चिखल चिकटतो तसे आम्हाला किस्से चिकटतात. घरी येऊन कितीही झटका, थोडे उरतातच. त्या दिवशी लीगचा शेवटचा सामना होता. आम्ही एका पॉइंटने पुढे, आणि समोर नेमकी दुसऱ्या नंबरची टीम. बरोबरी झाली तरी कप आमचा, हरलो तर त्यांचा. मंगलताईंना झोप कुठून लागणार?

*

माझं शिक्षण सातवी. शाळेत लंगडी आणि खो-खो, तेवढंच मैदान मला माहीत. माझ्या प्राचीची पहिली मॅच बघायला गेले तर बाकीच्या पोरी पळतायत आणि माझी एकटीच जाळीपुढे उभी. मला वाटलं, काहीतरी खोडी केली असणार, शिक्षा दिलीय.

मध्यंतरात टीमच्या सरांकडे गेले. म्हटलं, "सर, माझ्या मुलीलाही खेळू द्या की. लहान आहे, चुकलं असेल तिचं."

सर आमचे पेठेतले. हसत नाहीत. म्हणाले, "ताई, ती तिथे उभी आहे म्हणूनच बाकीच्यांना खेळ सुचतोय."

तेव्हा कळलं, गोलकीपर म्हणजे काय. आणि कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. अख्ख्या जगाने माझ्या पोरीवर बॉल मारायचा, आणि तिने तो अंगावर घ्यायचा.

मी घरी ब्लाउज शिवते. मशीन हाताशी होतंच. तिच्या जर्सीच्या कोपरांत, खांद्यांत, पोटाशी, जिथे जागा मिळेल तिथे फोम घालून शिवला. पुढच्या रविवारी प्राची मैदानात गेली ती दोन्ही हात पसरून. हात खालीच येईनात.

सरांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, गोलकीपर मागितली होती. गादी नको."

*

मंगलताईंचा मंडईत भाजीचा गाळा आहे. त्यामुळे आवाजाला मैदान कमी पडतं. एका मॅचला रेफरीने आमच्या विरुद्ध फाऊल दिला, तर ताई उभ्या राहून, "ओ भाऊ, तराजू सरळ धरा की!"

रेफरी थेट पायरीपाशी आला आणि ताईंना पिवळं कार्ड दाखवलं. प्रेक्षकाला कार्ड दाखवत नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं. त्यालाही बहुतेक नंतरच कळलं असावं.

त्याच आठवड्यात तो रेफरी मंडईत भाजी घ्यायला आला. नेमका ताईंच्याच गाळ्यावर. ओळखलं नाही त्याने. मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघायला लागला. ताईंनी टोपलीतलं एक लिंबू उचललं आणि हात उंच करून त्याच्या तोंडासमोर धरलं.

"ही पहिली वॉर्निंग. टोमॅटोही आहेत माझ्याकडे."

त्याने हाताला आली ती जुडी घेतली आणि गेला.

*

आमच्यातली शिल्पा खराडीला आयटीत आहे. तिला शनिवार-रविवारीसुद्धा काम निघतं. मग तिने ऑफिसात सांगून ठेवलं, रविवारी सकाळी एक क्लायंट असतो, त्या वेळात फोन लागणार नाही.

एका सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. "काय, क्लायंट खूश आहे ना?"

आदल्या दिवशी आमची एकुलती एक मॅच गेली होती. शिल्पा रात्रभर रडलेली. तिच्या तोंडातून निघून गेलं, "नाही सर. दोन-एकने हरला."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "गोलकीपर कोण होती?"

त्यांचीही मुलगी खेळते. दुसऱ्या लीगमध्ये.

*

आता माझ्या पाठीची गोष्ट.

बॉल प्राचीच्या बाजूला आला की मला बघवत नाही. मी पायरीवरच फिरून बसते, पाठ मैदानाकडे आणि तोंड पार्किंगकडे, आणि मनात बुद्धवंदना. सीझनच्या सुरुवातीला एकदा पेनल्टी लागली. मी फिरले आणि बॉल बारवरून गेला. पुढच्या वेळी फिरले, तो खांबाला लागला. झालं. मंगलताईंनी ठरवून टाकलं, "हिची पाठ शुभ आहे."

त्यानंतर बॉल तिकडे जायचा अवकाश, ताई ओरडणार, "फिर गं!" कधी मला वाटलं बघावं, तर शिल्पा हाताने माझी मान वळवणार. अख्खी लीग मी अशी पाहिली. पार्किंगमधला रसवाला कधी ऊस पिळतो आणि कधी नुसताच बसतो, ते मला विचारा.

शेवटच्या दिवशी सकाळी वेणी घालताना प्राची म्हणाली, "आई, आज एकदा तरी बघ ना."

"बघते की मी."

"नाही बघत. गोलमधून मला तुझी वेणीच दिसते फक्त."

माझ्या हातातला कंगवा थांबला. म्हटलं, "आज बघेन." शब्द दिला.

*

एक-एक. शेवटची मिनिटं. आणि आमच्या एका पोरीचा हात बॉलला लागला. पेनल्टी. गोल झाला तर वर्षभराचं सगळं पाण्यात.

"फिर," मंगलताई म्हणाल्या.

"ताई, आज नाही. पोरीला शब्द दिलाय."

"सुजाता, कप आहे हा."

"असू दे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग प्राचीकडे पाहिलं. ती हातमोजे घट्ट करत होती. ताईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "बरं. तू बघ. पाठ आम्ही देतो. चला गं, फिरा सगळ्या."

आणि फिरल्या की हो. शिल्पा, बाकीच्या आया, झाडून सगळ्या. प्राचीचे बाबा मोबाईलवर शूटिंग करत होते. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीपण." तेही मोबाईलसकट फिरले.

प्राचीने आमच्या पायरीकडे पाहिलं. नंतर मला म्हणाली, "सगळ्या वेण्या, आणि मध्ये एक तोंड." तेव्हा मात्र तिने, मी सुईत दोरा ओवताना काढते तशी, जीभ दातांत धरली आणि उभी राहिली.

त्या मुलीने मारला. प्राची उजवीकडे गेली, आडवी, अख्खी. बॉल तिच्या मनगटाला लागला, खांबावर आपटला, परत आला, आणि तिने त्याच्यावर अंग टाकलं.

मी ओरडले. शब्द काही नव्हता, नुसताच आवाज. मंगलताई तशाच पाठमोऱ्या, "अगं काय झालं? बोल की! गेला का? सुजाता, बोल!" सामना संपल्याची शिट्टी वाजली, कप आमचा झाला, पोरी धावल्या, तेव्हा कुठे सगळ्या वळल्या.

बाबांच्या व्हिडिओत रसवाला दिसतो, दोन स्कूटर दिसतात, आणि माझी किंकाळी ऐकू येते.

तेव्हापासून भेटल्या की सगळ्या मला तेच सांगायला लावतात. मनगट कुठे, खांब कुठे, सगळं हातवारे करून दाखवते. मंगलताईंचं समाधान होत नाही. म्हणून एक विनंती. समोरच्या टीमच्या आयांपैकी कुणाच्या मोबाईलमध्ये ती पेनल्टी असेल, तर तेवढा निरोप पुढे पोहोचवा. व्हिडिओ मंडईत मंगलताईंच्या गाळ्यावर दाखवला तरी चालेल, मेथी त्या निवडून देतील. शिल्पाला पाठवा, प्राचीच्या बाबांना पाठवा.

मला नको. मी पाहिलंय.