मंगळाचा रकाना

गंगापूर रोडवर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही वेबसाइट बनवून द्यायचो. माणसं तीनच: सर, माझ्या शेजारच्या टेबलावर टायपिंग आणि फोटोंचं काम करणारी ताई, आणि मी. दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंगची ती वर्षं.

‘बनवायचो’ हा शब्द जरा मोठाच झाला. सरांकडे तयार टेम्प्लेटच्या सीडी होत्या. हॉटेलाची एक, शाळेची एक, डॉक्टरांची एक. गिऱ्हाईक आलं की सीडीतला सांगाडा उचलायचा, नाव बदलायचं, रंग बदलायचा, फोटो चिकटवायचे. मला हे काम आवडायचं. त्यात घाबरायला जागा नव्हती. काही बिघडलंच तर दोष सीडी बनवणाऱ्याचा.

मी मूळची घाबरट, आणि त्या ऑफिसात घाबरायला एक जास्तीचं कारण होतं. माझ्या आडनावावरून जात कळत नाही. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत सगळे एकमेकांना जय भीम करतात. ऑफिसात मी नमस्कार करायचे. कोणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. पण आज विचारतील, ही धास्ती घेऊनच मी रोज बसमधून उतरायचे.

एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका आल्या. दारातच त्या “जय भीम” म्हणाल्या. सर “या, या” म्हणाले, ताईने मान हलवली. मी “नमस्कार मॅडम” म्हणाले आणि माझे कान तापले.

मॅडम बौद्ध कुटुंबांसाठी वधूवर सूचक मंडळ चालवत होत्या. मनमाडचे रेल्वेवाले, सिन्नरच्या कारखान्यातले कामगार, नाशिकचे कारकून, शिक्षक, सगळ्यांची स्थळं त्यांच्याकडे. मंडळाचा मेळावा तोंडावर आला होता आणि त्याआधी त्यांना वेबसाइट हवी होती.

“तयार आहे आपल्याकडे,” सर म्हणाले. “लगेच देतो.”

लग्न जुळवण्याचं टेम्प्लेट खरंच होतं. मी मंडळाचं नाव घातलं, इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी घातले आणि एक नमुना स्थळ भरायला घेतलं. गोत्र, रास, नक्षत्र, मंगळ. हे चार रकाने भरल्याशिवाय ते पुढे जाईना. काढून टाकावेत म्हटलं, तर कोडचा नेमका तेवढा भाग कुलूपबंद. बनवणाऱ्याने तो कोणाला वाचता येऊ नये असाच करून विकला होता.

“डॅश टाकून दे,” सर म्हणाले.

मी डॅश टाकले. मॅडम बघायला आल्या. चष्मा लावून त्यांनी स्क्रीनवरचं एकेक वाचलं आणि मंगळापाशी बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“तो रकाना निघत नाही मॅडम. म्हणून रिकामा ठेवलाय.”

“रिकामा दिसला की लोक विचारतात, काय लपवलंय.” त्या शांतपणे बोलत होत्या. “आम्ही पत्रिका बघत नाही. ते सोडून दिलं आम्ही. मग आमच्या मुलींना तो प्रश्न विचारायचाच कशाला?”

“सगळ्यांच्याच साइटवर असतं ते,” सर म्हणाले. “एवढं कोण बघतंय?”

“मी बघतेय.”

मला घरची आठवण झाली. माझ्या मोठ्या बहिणीचं स्थळ बघताना वडिलांनी एका मध्यस्थाला पत्रिका मागितली म्हणून दारातून परत पाठवलं होतं. माझं तोंड कधी उघडलं ते मला कळलंच नाही.

“सर, मी नवीन बनवू का? पहिल्यापासून?”

“जमेल तुला?”

“जमेल,” मी म्हणाले. मला तेव्हा काहीही येत नव्हतं.

मॅडम गेल्यावर सर एवढंच म्हणाले, “डॅशवालं पण तयार ठेव. मेळाव्यात तोंडघशी पडायला नको.”

मग सुरू झालं. मी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि ऑफिस उघडायच्या आधीच येऊन पायरीवर वाचत बसायला लागले. दुपारी वीज जायची. यूपीएस कोकलायला लागला की सेव्ह करायला धावायचे आणि तरी लिहिलेलं निम्मं उडायचं. काल चाललेलं आज का चालत नाही, हे समजत नसे. जेवण जाईना. आणि मॅडमचे रोज फोन. एकदा म्हणाल्या, “एक रकाना वाढव. माहिती कोणी भरली? स्वतः, की आईवडिलांनी? मला ते कळायला हवं.” असा रकाना कुठल्याच सीडीत नव्हता.

असाच एक फोन आला तेव्हा माझं डोकं कोडमध्ये होतं. रिसीव्हर उचलून मी सवयीने, घरच्यासारखं म्हणाले, “जय भीम मॅडम.”

शेजारचा कीबोर्ड थांबला. मग पुन्हा वाजायला लागला.

ताई आणि मी रोज एकत्र जेवायचो, तिची भाजी, माझी चटणी. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आज भूक नाही गं, तू खा.” त्यानंतरच्या दिवशी जेवायच्या वेळेला तिचं बँकेत काम निघालं. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. हातातलं काम सोडून मी दिवसभर तिच्याच हालचाली बघत होते. पाण्याची बाटली तिने दुसऱ्या बाजूला का ठेवली? की ती रोज तिथेच असते?

तिसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी खुर्ची ओढली. “ती जवसाची चटणी आणलीस का?”

मी आणली नव्हती.

“उद्या आण,” ती म्हणाली आणि भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला. तिला खरंच भूक नव्हती, बँकेत खरंच काम होतं, की मनाची तयारी करायला तिला दोन दिवस लागले, हे मी कधी विचारलं नाही.

मेळावा नाशिकरोडच्या एका हॉलमध्ये होता. तिथे इंटरनेट नव्हतं, म्हणून सगळं एका कॉम्प्युटरवर चढवून नेलं होतं. डॅशवाली सीडी माझ्या पर्समध्ये होती. सर मागच्या रांगेत येऊन बसले.

सकाळभर लोकांनी रांगेने माहिती भरली. मग मनमाडचे एक गृहस्थ मॅडमना म्हणाले, “बी.कॉम. झालेला मुलगा दाखवा. बँकेतला असला तर बरंच.”

मी शोधलं. एकही स्थळ नाही. पुन्हा शोधलं. तेच. मघाशीच एक बँकेतला मुलगा माझ्यासमोर बसून माहिती भरून गेला होता. मागे कुजबुज सुरू झाली. मी भरलेल्या नोंदी वर-खाली बघितल्या.

मग दिसलं. कोणी बी.कॉम. लिहिलं होतं, कोणी बीकॉम, कोणी इंग्रजीत, कोणी नुसतं वाणिज्य पदवीधर. तयार टेम्प्लेटमध्ये शिक्षणाची यादी होती, त्यातूनच निवडायचं. मला ती यादी आगाऊपणाची वाटली होती. लोकांना हवं ते लिहू दे, म्हणून मी मोकळी चौकट ठेवली होती. सीडी बनवणाऱ्याने ती यादी उगाच घातली नव्हती.

“काय झालं बाळा?” मॅडमनी विचारलं.

“चूक माझी आहे मॅडम. एकच गोष्ट लोकांनी वेगवेगळी लिहिलीय. मशीनला ती एक वाटत नाही.”

“मग दुरुस्त कर. तोवर मी माइकवर वाचते.”

त्या एकेक स्थळ वाचत राहिल्या. मी एकेक नोंद उघडून शिक्षण एकसारखं करत गेले. लोक जेवायला उठले, परत आले. कोणी ओरडलं नाही. मनमाडचे गृहस्थ तर माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि कोणाचं अक्षर कुठे चुकलंय ते दाखवायला लागले. दुपार कलताना बँकेतला मुलगा सापडला.

शेवटी एक मुलगी आली. तिची माहिती सिन्नरहून आलेल्या वडिलांनी सकाळीच भरली होती. तिने ती उघडायला लावली, ‘आईवडिलांनी’ खोडून ‘स्वतः’ केलं आणि अपेक्षेखाली टाइप केलं: लग्नानंतर नोकरी सोडणार नाही.

वडील तिच्या खांद्यावरून वाचत होते.

“बरं,” ते म्हणाले. “मग फोटो तरी चांगला लाव.”

डॅशवाली सीडी पर्समध्येच राहिली. पुढची काही वर्षं त्या साइटचं काही अडलं की फोन मलाच यायचा. माझ्याशिवाय तिचं आतलं कोणालाच ठाऊक नव्हतं. एकदा मॅडम घाईघाईने म्हणाल्या, “पान उघडत नाही गं.” मी अर्धा तास कोड चाळलं. शेवटी कळलं, त्यांच्याकडे वीज गेली होती.