शीर शोधणारं बोट

“मीडियन नर्व्ह पूर्ण कापली गेलीय,” मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये सर्जन म्हणाले. अंगठा आणि शेजारच्या बोटांचा स्पर्श मेंदूकडे नेणारी ही नस. स्वयंपाकघराची खिडकी पुसताना काच फुटून माझ्या डाव्या मनगटात घुसली होती. मी पहिलं काय विचारलं, तर “रक्त घ्यायला परत कधी लागू?”

मी लॅबमध्ये ब्लड कलेक्शन करते. शीर दिसो न दिसो, आम्ही ती डाव्या हाताच्या बोटांनी दाबून शोधतो. बोटाखाली हलकी उसळी लागली की तिथे सुई. तेव्हा आईची केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरची औषधं शिरेतून देणं, चालू होती. तिच्या शिरा पार आटल्या होत्या. “माझ्या चेडवाशिवाय कोणी टोचूक नको,” लेकीशिवाय कुणी टोचायचं नाही, असं ती नर्सला बजावायची. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

ऑपरेशनमध्ये नस शिवली. ती मुंगीच्या पावलांनी वाढते. आधी नुसत्या झिणझिण्या, मग काही महिन्यांनी बोट जागं झालं, पण वेड्यासारखं. तर्जनीला कापूस लावला की कळायचं मधल्या बोटाला! म्हटलं, आपली वाट लागली.

सर्जननी समजावलं, “मेंदूत प्रत्येक बोटाची जागा असते. तुमच्या बोटांची खबर येईना. चाळीत खोली बंद राहिली की शेजारी दारात आपला पसारा मांडतात ना, तसं झालंय. आता नसेचे तंतू परतलेत, पण सगळेच आपापल्या घरी पोचत नाहीत. मेंदूला नव्याने शिकवावं लागेल.” याला सेन्सरी री-एज्युकेशन म्हणतात, म्हणजे स्पर्शाची शिकवणी. आधी बघत चाचपायचं, मग डोळे मिटून.

मला धीर कुठला! आईच्या पुढच्या तपासणीला मीच रक्त घेते म्हणाले. दोन्ही बोटं टेकवली. उसळी लागली, अगदी खात्रीने लागली, मधल्या बोटाखाली. मी तिथेच सुई घातली. शीर होती तर्जनीखाली. आईचा हात सुजून काळानिळा झाला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तिनेच हात पुढे केला. “भियातस कित्याक? सुई नको, नुसता बोट ठेव.” मग रोज दुपारी जेवणं उरकली की मी डोळे मिटून तिच्या कोपराशी चाचपायची. “थंय नाय गो, जरा अलीकडे,” ती सांगायची. सांगता सांगता तिला झोप लागायची. मी हात धरून तशीच बसायची.

कॅन्सर माझ्या बोटापेक्षा वेगाने पुढे गेला. शेवटी वॉर्डात नर्सला शीर मिळेना, तेव्हा आईने हात माझ्याकडे केला. मी डोळे मिटले. उसळी मधल्या बोटातच कळली, पण ती खबर तर्जनीची आहे हे आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. डोळे उघडले. शीर बरोबर तर्जनीखालीच होती.

डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, “आता तपासण्यांनी काही बदलणार नाही. तुम्ही म्हणाल तर टोचणं थांबवू.” मी नर्सला म्हटलं, “राहू दे गं. नको टोचूस आता.” आईने डोळ्यांनीच बरं म्हटलं.

आता मी परत कामावर आहे. तुमचा हात असा बधिर झाला असेल तर घाबरू नका. स्पर्श येतो, जुना येत नाही, आणि तो शिकायला आपलं माणूस लागतं. मी आईच्या हातावर शिकले. तिची शीर मला नीट सापडली त्या दिवशी तिच्यासाठी करण्यासारखं एकच उरलं होतं, सुई खाली ठेवणं.