दोराचं शेवटचं टोक

मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि माझं घर चौथ्या मजल्यावर. मी लहानपणापासून अंगाने जाडच. ऑफिसातून परत आले की दुसऱ्या मजल्यावर दम लागायचा. तिथे थांबायचे, आणि कोणी आलंच तर फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं बघत असल्यासारखं करायचे. शेजाऱ्यांशी माझी ओळख ती एवढीच, जिन्यातली.

तळमजल्यावर एक काकू राहतात. त्यांचं माहेर वसईच्या खाडीकाठचं, भातशेतीवाल्यांचं. साठीच्या पुढच्या, काटकुळ्या, आवाज मात्र गच्चीपर्यंत पोचणारा. गेल्या हिवाळ्यात चंदनसारच्या मैदानावर बायकांच्या स्पर्धा होणार असा फलक लागला. रांगोळी, पाककला, आणि शेवटी रस्सीखेच. काकूंनी कोणालाही न विचारता रस्सीखेचीत आमच्या बिल्डिंगचं नाव देऊन टाकलं. आठ जणींच्या यादीत मीही होते.

मी नाव काढायला सांगायला त्यांच्या घरी गेले. आधीच तीन जणी त्याच कामासाठी येऊन बसल्या होत्या. काकूंनी सगळ्यांना चहा दिला, चकल्या दिल्या, आमची कारणं शांतपणे ऐकून घेतली आणि सरावाला रविवारी सकाळी गच्चीवर या म्हणाल्या. चकल्या खाल्ल्यावर नाही म्हणणं कोणालाच जमेना.

गच्चीवर काकूंनी आम्हाला ओळीत उभं केलं. माझ्यापाशी आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता काहीतरी बोलणार, असं वाटून माझे कान गरम झाले.

"ताई, तू शेवटी," त्या म्हणाल्या. "दोर तुझ्या कमरेला. तू हलली नाय तर आपल्याला कोन हलवतो?"

कोणी हसलं नाही. माझ्या पुढे उभी असलेली तिसऱ्या मजल्यावरची नवी नवरी मागे वळून म्हणाली, बरं झालं, मागे तुम्ही आहात. एवढ्या वर्षांत माझ्या अंगाबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. मी दोर कमरेला घेतला.

ओढण्यापेक्षा मागे रेलून धरून ठेवायचं, एवढंच काकूंनी शिकवलं. त्यांच्या लहानपणी गावात होळीच्या वेळी बायका असं खेळायच्या म्हणे. दुसऱ्या रविवारी आमचे पुरुष चहाचे कप घेऊन मजा बघायला आले. माझ्या नवऱ्याने विचारलं, ही कपडे वाळत घालायची दोरी तर सोडून आणली नाही ना? काकूंनी दोराचं दुसरं टोक त्याच्याच हातात दिलं आणि बाकीच्यांनाही कप खाली ठेवायला लावले. पुरुषांनी सुरुवातीलाच सगळी ताकद लावली. आम्ही रेलून उभ्या राहिलो. थोड्याच वेळात त्यांचे हात सैल पडले, काकूंनी 'आता' म्हटलं आणि आम्ही त्यांना टाकीपर्यंत ओढत आणलं. माझ्या नवऱ्याची एक चप्पल मागेच राहिली. त्यानंतर तो सरावाच्या दिवशी स्वतःहून कुकर लावू लागला.

स्पर्धेच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. आम्ही ड्रेसच्या ओढण्या कमरेला बांधल्या, चपला काढल्या. पहिली फेरी शेजारच्याच चाळीतल्या बायकांशी. मधोमध बांधलेला लाल रुमाल थोडा वेळ जागच्या जागी थरथरला, मग आमच्या बाजूला आला. पुढचीही फेरी जिंकलो. आमची मुलं कठड्यावर चढून ओरडत होती आणि माझ्या मुलीने मैत्रिणीला 'ती शेवटची आहे ना, ती माझी आई' असं सांगितलेलं मी ऐकलं.

अंतिम फेरी भुईगावच्या बायकांशी होती. वाडीत काम करणाऱ्या, केळीचे घड डोक्यावरून आणणाऱ्या. त्या आपसांत त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून हसत होत्या. त्यांच्याही टोकाला माझ्यासारखीच एक बाई होती, गळ्यात क्रूस, दंड माझ्याहून जाड. तिने लांबून माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली.

शिट्टी झाली. आम्ही रेललो, त्याही रेलल्या. टाचा मातीत रुतल्या, हात जळायला लागले, रुमाल काही हलेना. मग नव्या नवरीचा पाय घसरला आणि आम्ही एकीवर एक पडलो. मी सगळ्यांत खाली, अंगावर सात जणी. वरून काकूंचा आवाज आला, "लागलं का कोनाला?" आम्ही सगळ्या हसतच सुटलो होतो. दुसऱ्यांदाही त्यांनीच ओढलं. बक्षीस भुईगावला गेलं.

समोरच्या टोकाची ती बाई रेषा ओलांडून माझ्यापाशी आली. मला हात देऊन उठवलं आणि पाठीवरची माती झटकली.

"रविवारी चर्चात मिस्सा झाल्यावर या सगळ्या आमच्याकडे," ती म्हणाली. "समुद्रावर ओढू. वाळूत पडलं तर लागत नाही."

आम्ही खरंच गेलो. दोन रिक्षांत आठ जणी आणि काकू. अरुंद गल्ल्यांत दोनदा चुकलो. तिच्या अंगणात चिंचेखाली बाकं मांडली होती, मोठ्या पातेल्यात कोळंबीचं कालवण होतं आणि आमच्यातल्या शाकाहारी दोघींसाठी तिने वालाची भाजी वेगळी केली होती. जेवल्यावर काकू आणि तिची सासू भाताच्या जुन्या जातींबद्दल बोलत बसल्या आणि उठायलाच तयार होईनात.

ऊन उतरल्यावर सगळ्या किनाऱ्यावर गेलो. तिथे तिने संघ उलटेपालटे केले, निम्म्या त्यांच्या, निम्म्या आमच्या. ती आणि मी एकाच बाजूला, टोकाला, एकीमागे एक. पलीकडच्यांनी खूप जोर केला. आम्हा दोघींना काही त्या हलवू शकल्या नाहीत.