सशांचा पाडवा

एम.एस्सी. करत असताना ठाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सशांच्या दोन पंगती होत्या. पंगत हा शब्द माझ्या मार्गदर्शक मॅडमचा. तुपकट पंगतीला खाण्यात डालडा आणि कोलेस्टेरॉल मिळायचं, साध्या पंगतीला गवत आणि चणे. हृदयविकाराची चाहूल रक्तात किती आधी लागते, ते दोघांचं रक्त ताडून बघायचं होतं.

मी डोंबिवलीहून यायचे आणि बोलायचे ती सशांशीच. रक्त काढायला शीर वर यावी म्हणून त्यांचा कान हलके चोळताना बालवर्गातली इंग्रजी गाणीही गुणगुणायचे. माणसांशी बोलायचं तर वाक्य आधी मनात तपासावं लागे, आणि तोवर विषय बदललेला असे.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी साध्या पंगतीचं रक्त काढलं. नळ्या यंत्रात फिरवून बाहेर काढल्या आणि उजेडात धरल्या. वर साठलेला द्रव नितळ, फिकट पिवळा हवा. तो ताकासारखा दिसत होता. सगळ्या नळ्यांत. म्हणजे रक्तात चरबी. साधी पंगतच बिघडली तर तुलना कशाशी करणार? माझं वर्ष फुकट जाणार होतं.

शेजारच्या टेबलावरून मैत्रीण डोकावली. "अगं, तुझ्या सशांनी फराळ केलेला दिसतोय!"

मला हसू आलं नाही. मॅडमच्या दाराशी जुळवलेलं वाक्य आत जाताच विसरले. "मॅडम, साधी पंगत बिघडली," एवढंच म्हणून नळ्या पुढे केल्या.

मॅडमनी त्या उजेडात धरल्या. चष्मा काढला, पुन्हा लावला. आकड्यावर आकडा गिरवला तरी पान परत लिहायला लावणाऱ्या मॅडम हळूच म्हणाल्या, "शंकरपाळ्यांनी एवढं होतं?"

"कसले शंकरपाळे?" हे मात्र न तपासताच तोंडून निघालं.

"अगं, सुट्टीत खाणं घालायला मीच येत होते ना. आमच्या गावी पाडव्याला गोठ्यातल्या जनावरांना गोडधोड घातल्याशिवाय माणसं जेवत नाहीत. त्या तुपकट पंगतीची रोजच दिवाळी. आणि हे बिचारे चण्यांवर!"

"फक्त पाडव्याला घातले ना?"

"पाडव्याला सुरुवात केली. मग ते वाटच बघायला लागले गं."

"डबा कुठाय?"

"काल संपला." मॅडमनी मान खाली घातली. "ओरडणारेस का आता मला?"

दारात उभी राहून ऐकणारी मैत्रीण फिसकन हसली. मग मॅडम हसल्या, आणि मग मीही, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

त्या आठवड्याचे आकडे बाद केले. कारणाच्या रकान्यात मॅडमनी स्वतःच 'शंकरपाळे' असं लिहिलं. सशांना पुन्हा नुसतं गवत आणि चणे. पहिले दोन दिवस ते माझ्या हाताकडे बघून रुसून पाठ फिरवायचे.

मग पुन्हा रक्त काढलं. यंत्र थांबलं तेव्हा झाकण उघडायचा धीर होईना. पहिली नळी उजेडात धरली, तर तिच्यातून पलीकडची खिडकी दिसली. दुसरीतूनही. उरलेल्या बघायला थांबलेच नाही. दोन नळ्या मुठीत धरून व्हरांड्यातून पळत सुटले आणि साऱ्या वर्गांना ऐकू जाईल असं ओरडले, "मॅडम, नितळ! एकदम नितळ!"