वर तू, खाली तुम्ही

आल्प्समधल्या आमच्या श्टाइनमोस गावात एक रीत आहे. झाडं संपून उघडा डोंगर सुरू झाला, की तिथे कुणालाही ‘तुम्ही’ म्हणायचं नाही. बँकेचा साहेब असो की बिशप, वर सगळे ‘तू’. हिमकडा कोसळत असताना ‘अहो, आपण जरा बाजूला व्हाल का’ म्हणत बसायला वेळ नसतो, असं जुनी माणसं सांगतात. खाली चर्चपाशी उतरलं, की पाहुण्यांना पुन्हा ‘तुम्ही’, आणि नावाआधी ‘फ्राउ’ किंवा ‘हेर’, म्हणजे बाई किंवा साहेब.

मी इथल्या हॉटेलच्या रंगमंचावर एका हिवाळ्यापुरती गायला आले आणि राहूनच गेले. उभ्या आयुष्यात पुष्कळ नट पाहिले, पण एकाच माणसासमोर दिवसातून दोनदा भूमिका बदलणारा एकच. कासियान लेर्खर.

कासियान हिवाळ्यात स्की शिकवायचा आणि उन्हाळ्यात त्याच उतारावरचं गवत कापायचा. लग्न केलं नाही. दर फेब्रुवारीत दोन आठवड्यांसाठी उत्तरेच्या समुद्रकाठाहून, हूझुमहून, फ्राउ वीप्के टोमसेन यायच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, नवरा लवकर गेलेला. बावीस वर्षं आल्या.

वर तो ओरडायचा, “वीप्के, गुडघे वाकव. खांबासारखी काय उभी राहतेस?”

“तू आधी माझ्या वाटेतून बाजूला हो.”

संध्याकाळी खाली, शेकोटीपाशी, तीच दोघं.

“फ्राउ टोमसेन, तुमचे बूट वाळत ठेवलेत.”

“आभारी आहे, हेर लेर्खर.”

“तुझं प्रेम खाली आणलं की वितळतं का रे?” मी विचारायची.

“गप बस, म्हातारे,” तो म्हणायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा.

मग बाईंचा खुबा दुखायला लागला. डॉक्टरांनी स्की बंद केली. त्या फेब्रुवारीत कासियान दर संध्याकाळी बसथांब्यावर उगाचच जाऊन यायचा. बाई आल्या त्या थेट जुलैमध्ये, काठी टेकत. हिरवा डोंगर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

“आपला उतार कुठे गेला?”

“तो काय. त्याच्यावर गाई बसल्यात.”

“म्हणजे मी पडायची, ती जागा?”

“ती लाल गाय बसलीय ना, बरोबर तीच.”

दोघं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. रोपवेने वर जायचा बेत होता. बाई म्हणाल्या, “वर नको, हेर लेर्खर. वरचं मला ठाऊक आहे. या वेळी मी खालीच राहणार आहे.”

त्या काय मागत होत्या ते त्याला कळलं, मला कळलं, पाववालीलासुद्धा कळलं. आणि त्या दिवसापासून हा बाबा असा बोलायला लागला, की ‘तू’ही नको आणि ‘तुम्ही’ही नको. “जेवण झालं का?” “ऊन आहे, टोपी घातलेली बरी.” “उद्या तळ्यापर्यंत जाता येईल.” दहा दिवस हेच.

“अरे, तिच्यापुढे सरकारी नोटीस वाचतोयस का?” मी चिडून म्हटलं.

“तोंडापर्यंत येतो गं शब्द,” तो म्हणाला. “मग चर्चचा मनोरा दिसतो आणि परत जातो.”

निघायच्या दिवशी बसच्या दारात तो टोपी हातात धरून उभा. “पोहोचल्यावर कळवावं,” म्हणाला.

बाई पायरीवर थांबल्या. “कुणी कळवावं, कासियान?”

खाली, भर चौकात, त्यांनी त्याला नावाने हाक मारली होती. अर्धी वाट त्या चालून आल्या होत्या. हा मात्र टोपीच फिरवत राहिला. ड्रायव्हरने दार लावलं.

ऑक्टोबरमध्ये, गाई खाली आलेल्या, हॉटेलं बंद, अशा सुन्या दिवसांत तो पत्र घेऊन माझ्याकडे आला. “चष्मा सापडत नाही. वाच.” चष्मा त्याच्या कपाळावर होता.

मी वाचलं. “तू बरा आहेस ना? माझं ऑपरेशन झालं. एवढा लांबचा प्रवास आता मला झेपणार नाही. समुद्र माझ्या दारात आहे. याहून खाली जगात जागा नाही, म्हणून इथूनच तुला तू म्हणते. वीप्के.”

“पहिली ओळ परत वाच.”

मी वाचली.

“नाटकी आवाजात नको. साधी वाच.”

साधी वाचली. तो ऐकत राहिला, जणू दुसऱ्या खोलीतून कुणी बोलतंय. मग त्याने कागद मागितला. “मजकूर सांगू का?” मी विचारलं. मान हलवून तो नको म्हणाला. मी त्याच्याकडे पाठ करून सूप ढवळत राहिले. दुपार झाली तेव्हा कागदावर एकच ओळ होती, आणि तिची सुरुवात ‘तू’ने होती.

“हूझुमला जाताना गाडी कुठे बदलावी लागते?” त्याने विचारलं. हा माणूस जवळच्या इन्सब्रुक शहराच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता.

“हाम्बुर्गला.”

“तिकडे सगळे एकमेकांना तुम्हीच म्हणतात?”

“अनोळखी माणसाला, हो.”

“बरं,” तो म्हणाला, आणि कागदाची घडी घालून ती पाकिटात न ठेवता खिशात ठेवली. “मग हे पोस्टाने नको. तिथे जाऊन तोंडानेच सांगतो.”