उजव्या बाजूचे सहा सूत

गॅरेजात त्यांना सगळे सूतमामा म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुसरे मिस्त्री ‘एवढंसं’, ‘थोडंसं’ असं बोटांनी दाखवत, मामा आकडा सांगत. चाळीस वर्षं गाड्यांच्या पाट्यांचं काम केलं. पाटा म्हणजे गाडीचं वजन तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची चळत. ती बसवताना एक पट्टी इकडची तिकडे झाली तर गाडी आयुष्यभर तिरकी चालते. म्हणून मामांचं एकच सांगणं असायचं, गाडीखाली गेल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

मामांची भाची जनावरांची डॉक्टर. टेकड्यांमागच्या वस्त्यांवर तिला रोज जावं लागे. तिथला रस्ता म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र, डोक्याएवढे धोंडे पडलेले. तिची जुनी उघडी गाडी दर आठवड्याला पोटावर मार खाऊन यायची.

“मामा, गाडी उंच कर,” ती एकदा येऊन म्हणाली. “चार इंच.”

“चार केली तर चढायला शिडी लागेल तुला.”

“मग शिडी पण बसव.”

“दोन इंच. टायर एक नंबर मोठे. वर काही नाही.”

“आईसारखाच बोलतोस. तीसुद्धा भाजीत अर्धाच चमचा तिखट टाकते.”

“म्हणून तुझं पोट शाबूत आहे,” मामा म्हणाले आणि कामाचा कागद पुढे ओढला.

आखणी करायला मामांना आवडायचं. मागचे-पुढचे पाटे एकेक पट्टीने जाड करायचे, शॉकअप लांब घ्यायचे, हे सगळं त्यांनी तासाभरात लिहून काढलं. राहिलं होतं ते मोठ्या टायरचं माप. उभ्या गाडीत मोठं टायर नेहमीच बसतं. खरी परीक्षा एक चाक धोंड्यावर चढतं, पाटा दबतो आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असतं तेव्हा. त्या वेळी टायरची आतली कड आणि ब्रेकचा रबरी पाइप यांच्यात किती जागा उरते, तेच बघायचं असतं.

शेजारच्या शेडमध्ये टायरवाला होता. वीस वर्षं दोघांचा चहा एकाच किटलीतला. त्याच्याकडून मोठ्या मापाचं एक चाक मामांनी मागून आणलं. डावीकडे बसवलं, चाक ठोकळ्यावर चढवलं, स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि पाठीवर झोपून खाली सरकले. सहा सूत. छान जागा होती. कागदावर डावीकडे सहा लिहिलं.

आता तेच उजवीकडे करायचं होतं. पाच नट खोलायचे, चाक काढायचं, पलीकडे न्यायचं, पुन्हा जॅक, पुन्हा ठोकळा, पुन्हा पाठीवर. अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी गॅरेजात दोन-तीन गिऱ्हाईकं बसली होती आणि मामा त्यांना उंच गाड्यांबद्दल सांगत होते. लोक ऐकत होते. माना डोलवत होते. कोणीतरी स्टूल पुढे सरकवलं. मामा बसले. बोलता बोलता त्यांनी पेन्सिल उचलली आणि उजवीकडेही सहा लिहिलं. गाडी दोन्हीकडे सारखीच असते, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा नाही. तसं काही मनात आलं असतं तर निदान चूक म्हणता आली असती. त्यांनी फक्त उठायचं टाळलं.

आठवड्याने टायर आले. टायरवाला दारात येऊन म्हणाला, “मामा, आपण ठरवलेल्या कंपनीचे मिळाले नाहीत. नंबर तोच आहे, पण हे आतल्या बाजूला दोन सूत जास्त भरतात. चालतील का?”

मामांनी कागदाकडे बघितलं. “सहा आहेत. चालतील.”

गाडी तयार होऊन उभी राहिली तेव्हा भाची तिच्याभोवती दोनदा फिरली. “मामा, आता कुठली गाय माझ्यापासून लपते बघ!” असं म्हणून ती निघून गेली.

तीन आठवड्यांनी गाडी दोराने ओढत गॅरेजात आली. ओढ्याच्या उतारावर ब्रेक गेला होता. भाचीने गाडी मुद्दाम मातीच्या दरडीवर घातली म्हणून वाचली. उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. जिचं अर्धं काम हातानेच चालतं, तिचं मनगट.

मामा गाडीखाली गेले. उजव्या बाजूचा ब्रेकचा पाइप एका जागी घासून कागदासारखा झाला होता आणि तिथेच फुटला होता. टायरच्या आतल्या कडेवर काळी चकचकीत रेघ उमटली होती. पाइप ज्या पट्टीला अडकवला होता, तिच्याकडे मामांनी निरखून पाहिलं. गाडीला कधीतरी उजवीकडून मार बसला असावा. कुणीतरी तिथे जाड पत्रा वेल्डिंग करून जोडला होता आणि पट्टी त्यावर बसवली होती. डाव्या बाजूपेक्षा चार सूत बाहेर. सहातून चार गेले, उरले दोन, आणि ते दोन नव्या टायरने खाल्ले. हिशेब इतका सोपा होता की मामांना खालीच पडून राहावंसं वाटलं.

ते बाहेर आले तेव्हा गॅरेजचे मालक टायरवाल्याला फैलावर घेत होते.

“कंपनी बदललीस ना? दोन सूत जाड टायर घातलेस!”

“मामांना विचारून घातले, शेठ.”

“मामांचा कागद आहे इथे. दोन्हीकडे सहा लिहिलंय. सहातून दोन गेले तर चार उरतात. मग घासलं कसं? कागद खोटं बोलतो? का मामा खोटं बोलतात?”

टायरवाल्याने मामांकडे बघितलं. त्याच्या नजरेत आरोप नव्हता. मामा काहीतरी सांगतील, एवढीच अपेक्षा होती. मामांनी हाताला लागलेलं ग्रीस पुसायला घेतलं. पुसत राहिले. ग्रीस केव्हाच निघालं होतं.

“माझंच काहीतरी चुकलं असेल,” टायरवाला शेवटी म्हणाला. “रिम आत बसली असेल.”

“तुझ्याकडे आता गॅरेजचं एक चाक येणार नाही,” मालक म्हणाले.

बारा दिवस मामा गप्प राहिले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. चहाच्या वेळी टायरवाला किटली घेऊन यायचा, आणि मामा नुसता कप पुढे करायचे. काम बंद झाल्याने टायरवाला रिकामा बसायचा आणि तेच ते उकरत राहायचा. “बसवल्यावर चाक ठोकळ्यावर चढवून बघायला हवं होतं मी. तुम्ही माप दिलं म्हणून मी निर्धास्त. तुमचं नाही हो, माझंच. म्हातारा झालो.”

“तू कसला म्हातारा,” मामा म्हणायचे. खरं वाक्य जिभेवर असताना हे एवढंच.

घरी बायकोने विचारलं, “जेवण जात नाही का? दात दुखतोय?” मामा हो म्हणाले. बाईने तीन दिवस मऊ भात केला. मामांनी तोही मान खाली घालून खाल्ला.

तेराव्या दिवशी ते भाचीकडे गेले. ती डाव्या हाताने दवाखान्यातल्या बाटल्या कपाटात लावत होती. त्यांना बघून म्हणाली, “काल तुझा टायरवाला आला होता. दारातच उभा राहिला. माफी मागत होता. आत ये म्हटलं तरी येईना. मी म्हटलं, काका, माफ केलं, पण आता गाडी तुमच्याकडे देणार नाही.”

मामा बाकावर बसले.

“उजवीकडचं माप मी घेतलंच नव्हतं,” ते म्हणाले.

भाचीचा हात बाटलीवर थांबला. “म्हणजे?”

“डावीकडे मोजलं. उजवीकडे तोच आकडा लिहिला. चाक पलीकडे न्यायचा कंटाळा केला. त्याने टायर घालायच्या आधी मला विचारलं होतं. मी कागद बघून हो म्हटलं.”

“तुला कधी कळलं?”

“गाडी ओढून आणली, त्याच दिवशी.”

तिने बाटली फळीवर ठेवली, तिचं लेबल समोर वळवलं.

“मनगट भरून येईल, मामा. आणि मला सांगितलंस ते बरं केलंस. पण मला कशाला सांगतोस? मला कुणी सगळ्यांसमोर बोललं नव्हतं.”

मामा तिथूनच गॅरेजात गेले. कामाची वेळ होती. मालक, दोन वेल्डर, तीन गिऱ्हाईकं, सगळे होते. मामांनी टायरवाल्याला त्याच्या शेडमधून हाक मारली आणि मध्ये उभं राहून सगळं सांगितलं. माप घेतलं नाही. आकडा लिहिला. विचारल्यावर चालतील म्हटलं. बारा दिवस माहीत होतं. आवाज फार मोठा निघाला नाही, म्हणून शेवटचं वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं.

मालक गडबडले. “जाऊ द्या मामा, वय होतं माणसाचं.”

“वयाचं नाही, शेठ. आळसाचं. वयाला नावं ठेवू नका.”

कोणी हसलं नाही. टायरवाला टायर खोलायची सळई हातात धरून उभा होता.

“मी तिच्या दारात जाऊन माफी मागितली,” तो म्हणाला. “आदल्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं जाणार म्हणून. तेव्हा तुम्ही चहा पीत होतात.”

“हो.”

“थांबवलं नाहीत.”

“नाही.”

तो परत शेडमध्ये गेला. मालकांनी काम पुन्हा द्यायला सुरुवात केली, पण किटली मामांच्या टेबलावर आली नाही. मामांनीही कधी मागितली नाही.

प्लास्टर निघाल्यावर भाची गाडीजवळ येऊन उभी राहिली. दोघांनाही बोलावून म्हणाली, “पत्रा कापा, पट्टी आत घ्या, आणि दोघांनी मिळून करा. मला दोघांची सही हवी.”

मामांनी पत्रा कापला, पट्टी जागेवर आणली. टायरवाल्याने चाक बसवलं, ठोकळ्यावर चढवलं, स्टेअरिंग पूर्ण वळवलं. सगळं न बोलता. मामा उजवीकडे पाठीवर झोपून खाली सरकले.

“चार सूत,” ते खालून म्हणाले.

वर पेन्सिल कागदाला टेकली नाही. मामांना टायरवाल्याचे फक्त बूट दिसत होते. बूट हलले. मग गुडघे दिसले, मग खांदा. टायरवाला पाठीवर झोपून खाली येत होता, स्वतः मोजायला. इतक्या वर्षांत मामांचा आकडा कुणी तपासला नव्हता. त्यांचे कान गरम झाले. त्यांनी अंग चोरून त्याला जागा करून दिली.

टायरवाल्याने मोजलं. एकदा. मग पुन्हा, दुसऱ्या बाजूने टेप लावून.

“चार,” तो म्हणाला. बाहेर सरकला आणि लिहिलं.

“आता डावीकडे,” मामा खालूनच म्हणाले. “आधी तू मोज.”