पाणचक्कीवर दळलेली भाजणी

नरेंद्र, माझा नवरा, इथे परदेशात, आइंडहोवनला चिपच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो, पण त्याचा जीव सगळा गावाबाहेरच्या पाणचक्कीत. कुणीही जेवायला आलं की इतिहास सुरू: तेराव्या शतकात गढीच्या मालकाने ओढा अडवून ती बांधली, शेतकऱ्यांना तिथेच दळायची सक्ती केली, सैनिकांनी दोनदा जाळली, गावाने दोनदा उभारली. ऐकून ऐकून माझे कान किटले हो!

दर शनिवारी तो चक्की चालवणाऱ्या म्हाताऱ्या हेर्मानच्या हाताखाली दळायला शिकायचा. कोरोना आला आणि ऐंशीचा हेर्मान, एकटा जीव, चक्कीशेजारच्या घरात कोंडला गेला. नरेंद्रला किल्ली देऊन म्हणाला, "शनिवारी चाक फिरव. खिडकीतून आवाज आला की बरं वाटतं." दुकानातलं पीठ संपलं तेव्हा गावाला नरेंद्रनेच पुरवलं. स्वारी भलतीच खूश!

मग दिवाळी आली. पुण्याहून फराळ येणार कसा? "भाजणी मीच दळून आणतो," म्हणाला. आणलीही. चकल्या काय खुसखुशीत झाल्या! मी सहज विचारलं, "भाजणीनंतर काय दळलंस?"

"बेकरीचा गहू."

"भाजणीवर गहू? अरे माझ्या कर्मा!"

पुण्यात हाच माणूस गिरणीवाल्याशी भांडायचा, बाजरीवर आमचा गहू टाकू नका म्हणून. इथे मात्र अक्कल गहाण टाकली! आधी थोडा गहू दळून टाकून द्यायचा, एवढंही सुचू नये? बेकरीच्या पावाला धन्या-जिऱ्याचा वास आला, गिऱ्हाइकं ओरडली, आणि चक्की सांभाळणाऱ्या संस्थेने किल्ली काढून घेतली. कोरोनामुळे दुसरं कुणी यायला तयार नाही. जाळूनही जी संपली नाही, ती चक्की आमच्या चकलीने बंद पाडली.

मी संस्थेवर चिडले, नरेंद्रवर त्याहून जास्त. आठवडाभर घरात भांडीच जास्त बोलत होती.

पुढच्याच्या पुढच्या शनिवारी हेर्मानचा फोन आला. त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं. फोन स्पीकरवर होता.

"नरेंद्र, दोन शनिवार चाक फिरलं नाही. तुला कोरोना तर नाही ना झाला? मला झोप नाही रे."

नरेंद्रने फोन माझ्या हातात कोंबला. भल्याभल्यांना तोंडावर सुनावणारी मी!

"हो, जरा ताप आहे त्याला," मी म्हटलं. "बरा झाला की येईल."